शाई की मेंदी

ओदवेने,
१२ ऑक्टोबर २००२

ती. अंबारो अबायोस,
तुझ्या धाकट्या भावाचा, दीरियेचा सलाम. वि. वि.

परवा गुरुवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो. फजरची नमाज झाली आणि घरी न जाता मी हिर्सीच्या जीपच्या नाकाला उंटाची घंटा बांधत बसलो. आपला चुलतभाऊ हिर्सी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा आहे, हे तुला हर्गेसात कळलंच असेल. त्याच्या यादीची निशाणी लाकडी घंटा. जीपला होती ती तडकलेली होती. आपली सात वडीलधारी माणसं शुभकामाला निघालीत, त्यांच्या पुढे फुटकी घंटा वाजू नये असं मला वाटलं. म्हणून रात्रीच नवी कोरली होती. आवाज चांगला निघाला.

शुभकाम कोणतं, ते तू गेली दोन वर्षं मला विचारते आहेस. तर ऐक. आपले काका, काहीन अदेर, सहा जणांना घेऊन गेड-अदच्या वस्तीवर रोब्लेकडे गेले होते. रोब्ले म्हणजे किन्सीचा थोरला भाऊ. किन्सी म्हणजे मशिदीच्या कोपऱ्यावर सकाळी उंटिणीचं दूध विकते ती. तिचा नवरा जाऊन पाच वर्षं झाली, माझी अर्दो जाऊन सात. एवढं लिहिलं, आता बाकीचं तू ओळख.

रीतीप्रमाणे मी घरीच थांबलो. कुराणशाळेच्या पोरांसाठी पाट्या कोरायला घेतल्या. दुपारपर्यंत तीन पाट्यांची मूठ उलट्या बाजूला काढून ठेवली. अक्षरं खाली डोकं वर पाय अशी वाचायला लागतील म्हणून त्या चुलीत गेल्या.

दुपार कलल्यावर, असरच्या वेळी, जीप परतली. काहीन अदेरना गाव ‘वळसा’ म्हणतं ते उगाच नाही. बोलणं कसं झालं ते सांगायलाच त्यांनी तीन पेले चहा घेतला. आधी पावसाबद्दल, मग रोब्लेच्या आजोबांच्या उंटांबद्दल, मग दोन्ही घरांतल्या जुन्या सोयरिकीबद्दल बोलणं झालं. शेवटी अदेर म्हणाले की तुमच्या घरात एक गोष्ट अशी आहे जी माणूस एकदाच देतो आणि एकाच घराला देतो, ती आमच्या घराला द्यावी. किन्सीचं नाव त्यांनी घेतलं नाही. नाव घेऊन मागतात ते दुकानदार, असं त्यांचं म्हणणं.

रोब्लेने क्षणभरही विचार केला नाही म्हणे. दिली, म्हणाला. वेळ येईल तेव्हा आमच्या घरातली बोटं तुमच्याच नावाने रंगतील. मेंदीची गोष्ट इतक्या सुंदर शब्दांत त्याने काढली की सातही जण माना डोलवत राहिले. मग सगळ्यांनी हात उघडले आणि रोब्लेच्या अंगणातल्या बाभळीखाली शब्द पक्का करणारी फातिहा झाली.

मी आता पन्नाशीला टेकलो. या वयात आनंद कुठे ठेवावा तेही समजत नाही, म्हणून तुला लिहिला.

ट्रकवाल्याकडे हे पत्र देतो आहे. तब्येतीस जप. तुझा लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
दीरिये


हर्गेसा,
१९ ऑक्टोबर २००२

चि. दीरियेस,
अबायोचे अ. आ.

पत्र पोचलं. तुझं पत्र मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, दोनदा मोठ्याने वाचलं. रागावू नकोस. सात वर्षं शिळं लहोहचं घावन तिळाच्या तेलात बुडवून खाणाऱ्या भावाची मेंदी ठरली, हे मी काय कपाटात ठेवू? दोन माप दूध रोज घेतोस आणि त्यातलं एक शेजाऱ्याच्या मांजरांना घालतोस, हे तू मला कधी लिहिलं नाहीस, पण ट्रकवाल्यालाही डोळे आहेत. मांजरं इतकी गुबगुबीत झालीत की त्यांना उंदीर दिसेनासे झालेत, असं तो सांगत होता.

नवरीसाठी मी केशरी कापड बाजूला काढलं. काढताना मनात गाणं होतं. तेवढ्यात रोब्लेची मेहुणी दुकानात आली. अल्लाहच माणसांना वेळेवर पाठवतो, आणि कधी कधी मला वाटतं, थोडं थांबून पाठवलं असतं तरी चाललं असतं.

ती हसत हसत सांगू लागली की यंदा रोब्लेचं अंगण म्हणजे बाजार झालाय. सगळे मतं मागायला येतात. गेल्या गुरुवारी घंटावाले आले, सात म्हातारे, जीपच्या नाकाला घंटा वाजतेय, आणि मतांचं नावसुद्धा न घेता इतकं गोड बोलले की रोब्लेने घरातली बाराच्या बारा मतं देऊन टाकली. बोटाला शाई लागेल ती तुमच्याच नावाने, असं सांगून फातिहाही म्हटली.

मी विचारलं, आणि किन्सीचं काय? तिने मलाच विचारलं, किन्सीचं काय म्हणजे?

दीरिये, कापड अजून माझ्या मांडीवर होतं. मी ते घडी करून ठेवलं आणि तिला गज मोजून दुसरंच काही विकलं. तुझी बातमी मी तिला सांगितली नाही. मी भाबडी असेन, पण तुझ्याइतकी नाही.

आता नीट ऐक. तू गप्प राहायचं. फातिहा ही फातिहा. रोब्ले काय समजला ते त्याचं तो जाणे. सात दाढ्या साक्षीला आहेत. बाकी काहीन अदेरना माझा सलाम सांग, आणि आयुष्यात एकदा तरी एखाद्या वस्तूचं नाव घेऊन बघा म्हणावं.

उत्तर लगेच पाठव. माया आहे तशीच आहे, काळजी मात्र दुप्पट झाली.

अंबारो


ओदवेने,
२८ ऑक्टोबर २००२

ती. अबायोस,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. ती घंटा मीच कोरली होती, मीच बांधली होती. अदेर वळसे घेत होते, आणि माझी घंटा जीपच्या नाकावर बसून सरळसरळ मतं मागत होती. दोष द्यायचा तर कोणाला देऊ?

मी अदेरकडे गेलो. ते ऐकून घेत नाहीत. म्हणाले, रोब्ले मेंदीच म्हणाला. मी विचारलं, मेंदी हा शब्द त्याने उच्चारला का? दाढी कुरवाळून म्हणाले की रंगतील म्हणाला, आणि पोरा, बोटं काय चुन्याने रंगतात? वर असंही म्हणाले की सत्तरीत त्या झाडाखाली जाऊन माफ करा, आम्ही चुकून आलो होतो, असं सांगायला ते काही जाणार नाहीत.

शुक्रवारी रोब्ले स्वतः आला. घंटा बघायला आलोय, म्हणाला. एकेक घंटा कानाशी धरून वाजवली. अकरावी वाजवून झाल्यावर हळूच म्हणाला की गुरुवारी जरा घोटाळा झाला खरा, पण घोटाळ्यात बरकत असते. मग त्याने सगळं उलगडलं. तुझा ‘किन्सीचं काय’ हा प्रश्न मेहुणीने त्याच्या कानावर घातला होता. त्याने ती बारा मतं आधीच चार याद्यांना दिली आहेत, चारही वेळा फातिहा म्हणून. पाचवी आपली. आता तो म्हणतो की गुरुवारचा शब्द किन्सीसाठीच होता, असं आपण दोघांनी धरून चालू. म्हणजे त्याच्या मानेवरची एक फातिहा उतरेल. तू बहीण घे, हिर्सीला बारा मतं विसरायला सांग, असा त्याचा हिशेब. मी विचारलं, किन्सीला विचारलंस का? तो हसला. तिला काय विचारायचं, वेळ आली की सांगेन, म्हणाला.

मी त्याला चहा दिला. दुसरं काही देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेलो. माप भरता भरता किन्सी म्हणाली की तुझ्या काकांनी माझ्या भावाकडून बारा नेली असं कानावर आलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली की त्यातलं एक माझं आहे, मला कोणी विचारलं का? जे माझं आहे ते पुरुष माणसं झाडाखाली बसून आपसांत कशी वाटून घेतात? रांगेतल्या बायका हसल्या. अबायो, मी भांडं धरून उभा होतो, आणि ती मताबद्दल बोलतेय की दुसऱ्या कशाबद्दल, ते मला अजून समजलेलं नाही. तिने त्या दिवशी माप जरा कमीच भरलं.

मशिदीतल्या शेखांना मी विचारलं. कोणासाठी विचारतोय ते सांगितलं नाही, पण त्यांना ओदवेनेत तीस वर्षं झाली. ते म्हणाले की कोवळ्या मुलीचं गप्प राहणं म्हणजे होकार धरता येतो. विधवेचं तसं नाही. तिचा अधिकार तिचा आहे, तिने तोंडाने सांगायला हवं.

रात्री नमाजेत उभा होतो. फातिहा म्हणता म्हणता मी अडलो. दिवसाच्या पाच नमाजांत सतरा वेळा आपण तीच म्हणतो, आणि दर वेळी मागतो काय, तर आम्हाला सरळ वाट दाखव. आणि माझं लग्न ज्या फातिहेवर उभं आहे, तिच्यात सरळ असं एक वाक्यही नव्हतं. एका बाजूने मेंदी, दुसऱ्या बाजूने शाई, आणि जिची बोटं ती तिथे नाहीच.

शब्द परत करावा असं मनात येतं. परत केला तर काय उरेल ते मला माहीत आहे. तू काय म्हणतेस?

तुझ्या शब्दाची वाट पाहतो. लोभ थोडा सैल कर, कारण रागावशील हे ठाऊक आहे.

दीरिये


हर्गेसा,
२ नोव्हेंबर २००२

चि. दीरियेस,
अ. आ.

रागावले आहे. आधी तेवढं नोंदवून ठेव.

तू लहानपणीही असाच होतास. ईदची खारीक कोणी हातात दिली की, ही खरंच माझीच आहे ना, असं विचारत फिरायचास, आणि तोवर खारीक दुसऱ्याच्या तोंडात गेलेली असायची. आता खारकेच्या जागी बाई आहे, इतकाच फरक. रोब्लेच्या मेहुणीकडूनच मला कळलेली एक गोष्ट ऐक. बर्बेराचा एक बकऱ्यांचा व्यापारी किन्सीसाठी चौकशी करतोय. त्याला दोन बायका आहेत आणि तिसरीला जागा आहे. तू शब्द परत केलास की आठवड्यात त्याची माणसं त्या झाडाखाली असतील. काहीन अदेर दुसऱ्यांदा जाणार नाहीत. हिर्सी जीप देणार नाही. मग तू आणि मांजरं.

मला कशाची भीती वाटते ते तुला माहीत आहे. गेल्या वर्षी तापाने पडलास तेव्हा शेजाऱ्यांना तिसऱ्या दिवशी कळलं, तेही तू मशिदीत दिसला नाहीस म्हणून. मी इथून किती वेळा ट्रकवाल्याच्या मागे लागू, की जाता जाता बघ रे, माझा भाऊ उठलाय का?

एवढं लिहून पत्र बाजूला ठेवलं आणि दुकान बंद करून आले. आता पुढचं लिहिते आहे.

एकोणीस वर्षांची होते तेव्हा मीही गप्पच बसले होते. आतल्या खोलीत. वडिलांनी दारातून विचारलं आणि माझ्या गप्प राहण्याचा होकार करून बाहेर घेऊन गेले. नवरा भला निघाला, ही अल्लाहची कृपा. पण तेव्हा मी गप्प का होते, हे आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. तुलाही कधी सुचलं नाही. माझ्या तोंडात खारीक होती, दीरिये. मी चोरून खाल्ली होती आणि ती गिळल्याशिवाय बोलता येत नव्हतं.

तेव्हा परत करायचा तर कर. पण एक अट आहे. परत करून घरी येऊन पाट्या कोरत बसायचं नाही. तू जायचं, तू विचारायचं. वळसे न घेता, घंटा न बांधता. आणि ती नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये बसून इकडे यायचं.

रमजान लागतोय. रोजे सुखाचे जावोत. केशरी कापड विकलेलं नाही. तुझ्यावरचा जीव कमी होईल ही आशा तू सोडून दे.

अंबारो


ओदवेने,
१६ डिसेंबर २००२

ती. अबायोस,
सलाम. वि. वि.

दीड महिना पत्र नाही म्हणून तू ट्रकवाल्याला काय काय बोललीस ते त्याने मला शब्दशः ऐकवलं. त्याची माफी माग.

रमजान लागायच्या दोन दिवस आधी मी गेड-अदला चालत गेलो. अदेर येणार नाही म्हणाले होते. पण निम्म्या वाटेवर मागून काठीचा आवाज आला, बघतो तर तेच. म्हणाले, तू बोलशील आणि घाण करशील, निदान बघायला तरी कोणी हवं. झाडाखाली मी रोब्लेला सांगितलं की त्या गुरुवारी आमच्याकडून विचारलं गेलं ते त्याला कळलं नाही, त्याने दिलं ते आम्हाला कळलं नाही, म्हणून कोणी कोणाला बांधील नाही. मतंही मोकळी, बहीणही मोकळी. रोब्लेचा चेहरा उतरला, कारण एक फातिहा उतरली तरी बहिणीची सोय लावायचा त्याचा हिशेब मोडला. ते ऐकून अदेर एवढंच म्हणाले की इतकं थोडक्यात बोलणारा माणूस आपल्या घराण्यात कुठून आला.

तुझी अट मात्र मी मोडली. परत येऊन पाट्या कोरत बसलो. रमजानचा अख्खा महिना. रोज ठरवायचो आणि रोज वाटायचं की उपाशी पोटी असं बोलू नये, आणि इफ्तारनंतर वाटायचं की भरल्या पोटी तर मुळीच नको. दूध शेजाऱ्याला आणायला सांगितलं. मांजरं वाळली. ईद झाली. बर्बेरावाल्याची माणसं येऊन गेली असं ऐकलं. काय ठरलं ते विचारायचं धाडस झालं नाही.

काल मतदान होतं. शाळेच्या अंगणात फजरपासून दोन रांगा, एक पुरुषांची, एक बायकांची, मध्ये चार हात मोकळे. माझ्या मागे काहीन अदेर. आणि रांग सरकत सरकत आली तर समोरच्या रांगेत, माझ्या बरोबरीने, किन्सी. हात शालीत गुंडाळलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती. पुढच्या बाईला सांगत होती, तेही सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं, की काही माणसं न दिलेली वस्तू परत करायला चार कोस चालत जातात, पण कोपऱ्यावर दूध घ्यायला यायला त्यांचे पाय दुखतात. बायका हसल्या. मग म्हणाली की बर्बेराहून कोणी आलं होतं, त्यांनीही भावालाच विचारलं. तिने त्यांना निरोप पाठवला की भावाला लग्न करायचं असेल तर खुशाल घेऊन जा.

अदेरनी मागून काठीने माझ्या घोट्याला टोचलं. हळूच म्हणाले की आधी पावसाबद्दल बोल.

मी पावसाबद्दल बोललो नाही. मी रांगेतून एक पाऊल बाहेर आलो आणि म्हणालो, किन्सी, मला तुझ्याशी लग्न करायचं आहे, हे मी तुला विचारतो आहे, तुझ्या भावाला नाही.

दोन्ही रांगा वळून बघू लागल्या. अबायो, ज्या बाईचा शब्द अडलेला मी पाच वर्षांत एकदाही पाहिला नाही, ती गप्प झाली. मी उभा राहिलो. मग मला शेखांचं बोलणं आठवलं आणि मी म्हणालो की तुझं गप्प राहणं चालत नाही, तसा नियम आहे. मागून कोणीतरी खोकलं. किन्सी म्हणाली की नियम तिलाही माहीत आहे, आधी मत टाकून येते, एका वेळी एक काम.

ती आत गेली. मी रांगेतली जागा घालवून बसलो होतो. अदेर पुढे सरकले आणि परत घेईनात.

ती बाहेर आली तेव्हा हात शालीबाहेर होते. डाव्या करंगळीवर ओली शाई. आणि बाकीची नऊ बोटं, अबायो, मेंदीने लाल. ताजी नव्हे, आदल्या दिवसाची, चांगली रंगलेली. करंगळी तेवढी तिने कोरी ठेवली होती. नवरा गेल्यापासून त्या हातांवर मी कधी मेंदी पाहिली नव्हती.

दोन्ही हात माझ्यासमोर धरून ती म्हणाली की हे एक सरकारचं, आणि हे नऊ कालपासून वाट बघताहेत. मग नियमाप्रमाणे, तोंडाने, हो म्हणाली. दोन्ही रांगांना ऐकू गेलं. अदेर म्हणाले, साक्षीदार मोजायचे झाले तर दीडशे भरतील.

मत कोणाला दिलं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली की हेही आता मला विचारावंच लागतं हे तुला कळलं, तेवढं पुरे आहे.

निकाह येत्या शुक्रवारी. केशरी कापड घेऊन तूच ये, ट्रकवाल्याला पुढची जागा राखून ठेवायला सांगितली आहे. खारका मी आणून ठेवतो. तू गप्प बसलीस तर आता का ते विचारीन.

लोभ यापुढे दोघांवर असावा.

तुझा,
दीरिये